काचेवर चालणारी पेन्सिल

स्वतःच्याच चष्म्यावर बसण्याचा पराक्रम करून ती कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात शिरली, तेव्हा तिचा चेहरा इतका पडला होता, की काउंटरमागच्या तरुणाने आधी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मग मोडकी फ्रेम हातात घेतली.

खरं दुःख चष्म्याचं नव्हतंच. ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. हिवाळ्यात जिन्यावरून पडून तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटांतली ताकद परत यायचं नाव घेईना. नेहमीची पेन्सिल जरा दाबली, की थेट कोपरापर्यंत कळ जायची. शार्पनर फिरवणं तर लांबच. प्रकाशकांनी आतापर्यंत सांभाळून घेतलं होतं, आता मात्र ते दुसरा चित्रकार शोधत होते. घरी आईने चित्रांबद्दल विचारणंच सोडून दिलं होतं, आणि तेच तिला जास्त लागलं होतं.

त्याने नवी फ्रेम तिला घालायला दिली आणि तिच्या डोळ्यांची जागा काचेवर टिपून घ्यायला तो पुढे वाकला. इतक्या जवळ... की नजर कुठे ठेवायची तेच तिला कळेना.

"पापणी हलवू नका."

"मी नाही हलवत. तीच हलतेय."

तो हसला, आणि पहिला ठिपका चुकला.

नजर ठेवायला तिला एक जागा सापडली – त्याच्या हातातली पेन्सिल. जाड, काळी, कागदाच्या गुंडाळीतली. तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला की ही मेणाची, काचेवरही उमटते. टोक काढायला शार्पनर लागत नाही. दोरा ओढायचा आणि कागदाचा एक वेढा सोलून टाकायचा. त्याने तसं करूनही दाखवलं. तिने हात पुढे केला.

काउंटरच्या काचेवर तिने एक मांजर काढली. कानापासून शेपटीपर्यंत एकच रेष. पेन्सिल दाबावी लागलीच नाही, लोण्यातून फिरावी तशी फिरली. कळ आली नाही. तिने दुसरी मांजर काढली, मग तिसरी... आणि मग तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. त्याने काय झालं ते विचारलं. अनोळखी माणसाला तिने सगळं सांगून टाकलं.

त्याची ताई, दुकान खरं तर तीच चालवायची, फडकं घेऊन काच पुसायला आली. त्याने तिचा हात अडवला. "राहू दे, ताई."

ती पेन्सिल तो तिला देऊनच मोकळा झाला.

पुस्तकाचं काम पुन्हा सुरू झालं. मेण हाताखाली पसरायचं, म्हणून ती मनगट उचलून चित्र काढायला शिकली. बारीक रेघोट्या गेल्या, रेषा जाड आणि मोकळी झाली. पहिली पानं पाहून प्रकाशकांनी फोन केला, की हा तुमचा नेहमीचा हात नाही, पण आता हाच ठेवा. त्या दिवशी आईने खूप दिवसांनी विचारलं, "दाखव बघू, काय काढलंस?"

दुकानाच्या फेऱ्या मात्र थांबेनात. फ्रेमचा एक स्क्रू सारखा सैल व्हायचा. ती जायची, तो पिळायचा, आणि तेवढ्यात दोघांच्या कितीतरी गप्पा व्हायच्या. चित्रांच्या, चुकीच्या नंबरांच्या, चष्मा कपाळावर असताना घरभर शोधणाऱ्यांच्या.

एका संध्याकाळी ताईने पर्स खांद्याला लावली आणि जाता जाता सहज म्हणाली, "आपल्या दुकानातला स्क्रू आपोआप सैल होत नाही हो. करावा लागतो."

दार लागलं. दोघंच उरली. तिचे कान तापले.

"मीच करते सैल," ती म्हणाली. "नखाने... येताना, रस्त्यात."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

तो स्क्रूकडेच पाहत राहिला. "बोललो असतो, तर तुम्ही आला नसता. मी तो कधी पुरता पिळलाच नाही. म्हटलं, तुमच्या मनगटाला उगाच त्रास नको."

मग तिने तो दुखरा हात हळूच त्याच्या हातावर ठेवला.

"तुमच्या नको," ती म्हणाली. "तुझ्या म्हण."

त्याने म्हणून पाहिलं. पहिल्यांदा अडखळला... दुसऱ्यांदा नीट जमलं.