पापणीची शिकवणी

पापण्या सकाळच्या ड्रोनने आल्या. खोकल्याची औषधं, सर्पदंशावरच्या कुप्या आणि त्यांच्यासोबत एक निळा डबा. उईके सिस्टरांनी गच्चीवर वाळत घातलेल्या हिरव्या चादरी बाजूला सारून डबा उचलला आणि "सरका, नाजूक माल हाय" म्हणत जिन्यातल्या सगळ्यांना भिंतीला चिकटायला लावून खाली आणला.

डॉ. कांचन बोरकुटे यांनी झाकण उघडलं. कोमट द्रवात दोन पापण्या तरंगत होत्या, एक वरची आणि एक खालची, बारीक केसांच्या झालरीसकट. डब्याला जरासा धक्का लागला तशी वरची पापणी स्वतःहून आकसली आणि पुन्हा सैल झाली. सिस्टरांनी कपाळाला हात लावून नमस्कार केला. कांचनला हसू आलं नाही, कारण तिचेही हात जोडले जायच्या बेतात होते.

वैनगंगेच्या पलीकडच्या या जिल्हा रुग्णालयात कांचन गेली वीस वर्षं पापण्यांची आणि डोळ्यांच्या खोबणीची शस्त्रक्रिया करत होती. मोहफुलं वेचायच्या दिवसांत माणूस आणि अस्वल पहाटे एकाच झाडाखाली येतात. अस्वल दचकलं की उभं राहतं आणि सरळ तोंडावर पंजा मारतं. अशा किती फाटलेल्या चेहऱ्यांना कांचनने पुन्हा चेहरा दिला होता. खोबणीची मोडलेली हाडं जुळवायची, कानामागची कातडी आणि ओठाच्या आतलं अस्तर घेऊन पापणी शिवायची. पण त्या पापण्या नव्हत्या, पडदे होते, असं ती स्वतःच म्हणे. झाकायचे, पण लवायचे नाहीत.

आणि न लवणारी पापणी काय कामाची? पापणी दर थोड्या वेळाने डोळा पुसते, ओला ठेवते. ते थांबलं की बुबुळ कोरडं पडतं, त्यावर जखम होते आणि शेवटी पांढरं फूल पडून नजर जाते.

रोशनी गुरनुले या बाईचा उजवा डोळा अस्वलाने जागीच नेला होता. डावा डोळा शाबूत होता, पण त्याच्यावर पापणी म्हणून काही उरलंच नव्हतं. कोशातून कोसा रेशमाचा धागा काढणं हा तिचा धंदा. सगळं काम नजरेचं. म्हणून तिच्याच मांडीतल्या पेशी पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवल्या गेल्या. तिथे रेशमाच्या जाळीवर त्या पेशी वाढवून पापण्या तयार झाल्या होत्या. या जाळीला तिथले लोक स्नायुजाल म्हणत. त्यात मज्जातंतूंना वाट दाखवणारे केसाहून बारीक तंतू विणलेले असत.

"जाळी कोशाच्या रेशमाची आहे," कांचनने तिला शस्त्रक्रियेआधी सांगितलं.

"म्हंजे माह्या डोळ्यावर माहाच धागा?" रोशनी म्हणाली. "मंग टिकते, डॉक्टरबाई. कोसा काही लवकर तुटत नाई."

शस्त्रक्रिया दिवसभर चालली. सूक्ष्मदर्शकाखाली टाका घालताना कांचनची पापणी लवत नसे. तिच्या गुरूंनी लावलेली ही सवय होती: गाठ बसेपर्यंत डोळा मिटायचा नाही. त्या सवयीचा तिला अभिमानही होता. रुग्णालयातली नवी मुलं तिच्यावर पैज लावत आणि हरत. त्या दिवशी तिने धाग्याला धागा, तंतूला तंतू जोडला, आणि शेवटची गाठ बसल्यावर रक्ताचा गुलाबी रंग त्या फिकट पापणीत हळूहळू पसरताना पाहिला. इतकी वर्षं चिरफाड करूनही असलं काही तिने पाहिलं नव्हतं. परकी वस्तू तिच्या डोळ्यांदेखत घरची झाली होती.

आता राहिली शिकवणी. हे नाव उईके सिस्टरांचं, पण तेच रूढ झालं. पापणी लवायची आज्ञा मेंदू देतो. मधली वाट अस्वलाने तोडली होती, आणि नव्या तंतूंना कुठल्या आज्ञेवर हलायचं ते ठाऊक नव्हतं. त्यावर तोड साधी होती. समोरच्या माणसाची पापणी मिटली की आपलीही मिटू पाहते, आपल्या नकळत. रोज काही तास कुणीतरी समोर बसायचं, आणि त्या उसन्या ओढीवर नव्या पापणीने चालायला शिकायचं. पुण्याहून सूचना आली होती: खोली शांत हवी, समोरचा माणूस स्थिर हवा.

समोर बसायला रोशनीची धाकटी बहीण पायल तयारच होती. पण पायलच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. खुर्चीवर टेकली नाही तोच तिने सुरुवात केली, "ताई, तुले सांगू का, आपली बकरी शाळंत शिरली ना, तं मास्तरनं हजेरीच घेतली तिची!" दर हसण्याआधी ती डोळे दोनदा पटापट मिटायची, मग हसायची. पापणीची हालचाल टिपणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर रेषा वेड्यावाकड्या नाचू लागल्या.

"पायल, बाहेर बस बरं तू," कांचन म्हणाली. "इथे शांतता लागते."

"मी काही बोललोच नाई, मॅडम!"

पायल बाहेर गेली. तिच्या जागी कोण? आपल्याहून स्थिर माणूस या जिल्ह्यात आहे का, असं कांचनच्या मनात आलं, आणि ते खोटंही नव्हतं. ओपीडी आटोपली की ती रोशनीसमोर बसू लागली. दोघी एकमेकींच्या डोळ्यांत बघत. चौथ्या दुपारी नवी पापणी खाली आली, बुबुळ झाकलं, आणि वर गेली. रोशनीने घाबरून कांचनचा हात धरला.

"अंधार आला न् गेला," ती म्हणाली. "मीच केलं का हे?"

"तूच केलंस," कांचन म्हणाली, आणि रडली. सिस्टरांनी चहा मागवला.

पुढच्या आठवड्यात मात्र रोशनीचा डोळा लाल झाला. कांचन डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवत होती, सिस्टर तासातासाला थेंब टाकत होत्या, तरी बुबुळावर एक राखाडी ठिपका आलाच. रोशनीला सिस्टरांचा चेहरा धुक्यात दिसू लागला. पापणी हलत होती, मग घोडं कुठे अडलं होतं?

कांचनने शिकवणीचं चित्रण लावून पाहिलं. दोन बाया समोरासमोर बसलेल्या. एकीची पापणी कितीतरी वेळाने एकदा लवते, आणि दुसरीचीही तशीच. नवी पापणी हुशार निघाली होती. ती अगदी बरोबर शिकली होती, कांचनकडून. लक्ष देऊन बघायचं म्हणजे डोळा मिटायचा नाही! पुण्याच्या आधीच्या रुग्णांना एक चांगला डोळा होता, त्याच्या पापणीने नवीला सांभाळून घेतलं. रोशनीला तो आधार नव्हता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. कांचनला स्वतःचा इतका राग आला की तिने पडदा बंद करून टाकला.

उपाय एकच दिसत होता. दोन्ही पापण्या टाक्यांनी मिटवून टाकायच्या. बुबुळ वाचलं असतं. पण महिनोन्‌महिने बंद राहिलेली पापणी सुकली असती आणि पुन्हा पडदाच झाली असती. वाट बघावी तर फूल पडणार. टाके उद्या घालावेच लागणार होते.

पायलला हे सांगायला ती बाहेर आली. पायल बाकावर बसून शेजारच्या दोन बायांना बकरीची गोष्ट सांगत होती. मधे कसं बोलावं म्हणून कांचन थांबली, आणि थांबली तशी ऐकू लागली. "मास्तर म्हणे, नाव काय हिचं?" पायल क्षणभर थांबली, आणि कांचनची पापणी लवली. स्वतःची पापणी लवलेली तिला आयुष्यात प्रथमच जाणवली. तिने चमकून बाकाकडे पाहिलं. पुढच्या वाक्याच्या शेवटी दोन्ही बायांच्या पापण्या एकदमच मिटल्या. औषधाचा ट्रे घेऊन थबकलेल्या उईके सिस्टरांचीही. बोलणारा श्वास घेतो तिथे सगळे ऐकणारे एक क्षण डोळे मिटत होते, आणि एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

पापणी बघण्याने लवत नव्हती. ती ऐकण्याने लवत होती. आणि आपण शांत खोलीत बसलो होतो!

"पायल, चल आत."

"आता काय केलं मी?"

"काही नाही. बोल. ताईशी बोल. थांबू नकोस."

"खरंच?" पायलचा विश्वास बसेना. "मले असं आजवर कोणीच म्हटलं नाई, मॅडम."

पायल बोलू लागली. बकरीचं, भाऊजींच्या नव्या मोटरसायकलचं, मोहाच्या झाडाखाली आता अस्वलाचा वास ओळखणारे भोंगे बसवलेत आणि ते अस्वलाला सोडून सरपंचावरच वाजतात, त्याचं. रोशनी आधी नुसती टक लावून बघत होती. कांचन दाराशी उभी राहिली. उद्याचे टाके तिच्या डोक्यात होते.

सरपंच धोतर सावरत पळाला तिथे पायल थांबली, आणि तिची पापणी मिटली. रोशनीची मिटली नाही. पुढच्या वाक्याला नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. मग पायलने आवाज खाली आणला. "तू नव्हतीस ना वं ताई, तं तुह्या चरख्यावर कोळ्यानं जाळं केलं. मी नाई मोडलं. म्हटलं, तुह्या जागेवर कोणतरी धागा काढून रायलं, काढू दे."

दोघींच्या पापण्या एकदम मिटल्या.

पुन्हा. आणि पुन्हा. बोलणं थांबे तिथे पापणी उतरे, डोळा पुसून वर जाई, डोळ्यात पाण्याची चकाकी येई. पायल हसायच्या बेतात आली तशी तिची पापणी दोनदा पटापट लवली, रोशनीचीही दोनदा लवली, आणि मग दोघी हसल्या. सिस्टर, कांचन, खिडकीतून डोकावणाऱ्या त्या दोन बाया, खोलीतले आणि खोलीबाहेरचे सगळे डोळे एकाच वेळी मिटत होते आणि उघडत होते. माणसं जन्मभर एकमेकांबरोबर हे करत आली होती. कांचनने आयुष्य पापण्यांमध्ये घालवलं होतं, आणि पापणी ही एकट्याची नसते हे तिला आज कळत होतं. तिला भीतीही वाटली, आनंदाच्या इतक्या जवळची की वेगळी काढता येईना.

टाके पडले नाहीत. पायल बोलत राहिली, घसा बसला तेव्हा सिस्टरांनी तिला आल्याचा काढा दिला, आणि तोवर गप्पांचा पट्टा त्यांनीच चालवला. त्या दुपारी कांचनही येऊन बसे, नुसती ऐकायला. राखाडी ठिपका आक्रसत गेला आणि एके सकाळी तपासताना सापडलाच नाही.

पावसाळ्यानंतर रोशनी तपासणीला आली. उजव्या डोळ्यावर कापड, डावा स्वच्छ. तिने कांचनसाठी कोशाच्या धाग्याची एक लडी आणली होती.

"सगळं ठीक?"

"हाव. एकच गोष्ट हाय, डॉक्टरबाई. कोशाचं टोक शोधाले बसली ना, का पापणी थांबते. टोक हाती येईपर्यंत लवतच नाई. पहिले असं नव्हतं." ती जरा लाजली. "ते तुमचं हाय ना?"

"काढून टाकायचं का ते?" कांचनने विचारलं. "अजून शिकवणी देता येईल."

"काऊन काढाचं? काम साजरं होते त्यानं. फक्त टोक सापडलं का मी स्वतःशीच काहीतरी बोलतो, मंग लवते." आणि रोशनीने पापणी दोनदा पटापट मिटली, मग हसली.

त्याच आठवड्यात पुन्हा एक निळा डबा आला. कांचन सूक्ष्मदर्शकाशी बसली. पहिला टाका, दुसरा टाका, हात नेहमीसारखाच स्थिर होता. गाठ बसत आली.

"मॅडम," उईके सिस्टर हळूच म्हणाल्या, "तुमची पापणी लवली."

"नाही लवली."

"लवली ना. दोनदा. पटापट."

कांचन थांबली. गाठ नीट बसली होती, तिच्यात काही खोट नव्हती. तिच्या पापणीत ना रेशमाची जाळी होती, ना कुणी तंतू विणले होते. तिला कुणी शिकवणी दिली नव्हती. की दिली होती? त्या खुर्च्यांत समोरासमोर दोन बाया बसल्या होत्या, आणि शिकणारी एकच आहे हे ठरवलं होतं कुणी?