ओकुनुमाचं दार

निरमाया गुरुंगने ही हकीकत आजवर तीन माणसांना सांगितली आहे. तिन्ही वेळा एकही तपशील बदललेला नाही. वेळ तर नाहीच.

एकोणीस जानेवारी. संध्याकाळचे चार वाजून बावन्न मिनिटं. जपानच्या उत्तरेला, अकितामधलं ओकुनुमा नावाचं स्टेशन.

ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावं. घडलं ते असं घडलं.

निरमाया तिथे वृद्धाश्रमात काम करते. तिसरा हिवाळा. गावात दुसरं नेपाळी माणूस नाही. दोन वर्षं ती नेपाळमधल्या लमजुंगच्या आपल्या शाळेतल्या मैत्रिणीच्या, बिपनाच्या मागे लागली होती... तू पण ये, इथे जागा आहे, एकाच खोलीत राहू. शेवटी बिपना आठ दिवसांसाठी आली. वीस तारखेला तिची आश्रमात मुलाखत होती.

म्हणून निरमाया तिला सगळं चांगलंच दाखवत होती. त्या दिवशी गरम पाण्याचं कुंड, बर्फात लावलेले कंदील, भाजलेली रताळी. परतताना दोघी एका डब्याच्या गाडीत बसल्या. बाहेर अंधारून आलं होतं.

"काय गं बये, तीन तासांत एक माणूस हसलेलं दिसलं नाही," बिपना म्हणाली. "इथे काय हसण्यावर बंदी आहे?"

"तू तोंड बंद ठेव, मग हसतील."

"आणि ही थंडी! आमच्या म्हशीसुद्धा राहणार नाहीत इथे."

"म्हशींना कोण बोलावतंय? तुला बोलावलंय."

बिपना हसली. निरमायाच्या मनात मात्र एकच होतं. ही परत गेली, तर पुन्हा ती खोली आणि आपण.

त्या गाडीचं दार आपोआप उघडत नाही. थंडी आत येऊ नये म्हणून दाराशी बटण असतं. उतरणारा आतलं दाबतो, चढणारा बाहेरचं. दुसऱ्यासाठी कोणी दाबत नाही.

आणि ओकुनुमाला तर आतून कोणीच दाबत नाही.

आश्रमात तिच्याबरोबर काम करणाऱ्या हातानाका-सानने पहिल्याच हिवाळ्यात तिला बजावलं होतं. "तिथे कोणी उभं दिसलं तरी हात लावू नकोस. ज्याला चढता येतं तो स्वतः चढतो."

निरमायाने हे बिपनाला सांगितलं नव्हतं. भुताखेतांचं ऐकलं असतं तर ती दुसऱ्या दिवशीच विमानात बसली असती.

गाडी थांबली.

काचेपलीकडे एक म्हातारी उभी होती. हातात छत्री नव्हती. डोक्यावर वीतभर बर्फ साचला होता... आणि ती तो झटकत नव्हती.

"अगं, दार अडकलंय की काय? बिचारी केव्हाची उभी आहे."

"बिपना, थांब..."

बिपनाने बटण दाबलं होतं.

दार सरकलं. गार वारा आत आला.

बाहेर कोणीच नव्हतं.

फलाटावरच्या बर्फात एक पाऊलही उमटलेलं नव्हतं.

मग दाराशेजारच्या यंत्रातून चढणाऱ्याने घ्यायची तिकिटाची चिठ्ठी बाहेर आली... आणि कोणीतरी ती ओढून घेतल्याचा आवाज झाला.

समोर दोन शाळकरी मुली बोलत बसल्या होत्या. त्या गप्प झाल्या, उठल्या, पुढे जाऊन उभ्या राहिल्या. मुळ्याची पिशवी घेतलेल्या आजोबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

गाडी सुटेना.

चालक आपल्या जागेवरून उठून आला. वय झालेला माणूस. बिपनाशेजारच्या रिकाम्या सीटसमोर त्याने टोपी काढली, मान झुकवली. मग वळला.

"कोणी दाबलं?"

निरमाया सांगते, माझं बोट कसं उठलं ते मला कळलं नाही. पण उठलं. बिपनाकडे.

चालक भराभर बोलला. "ती उतरेल तिथे दार यांनीच उघडायचं. तोवर यांनी जागा सोडायची नाही. तुम्ही उतरलात तरी चालेल."

"काय म्हणतोय गं?" बिपनाने विचारलं. तिला क्लासमध्ये शिकलेली जपानीची चार वाक्यं तेवढी येत होती.

"काही नाही. बटण खराब आहे म्हणतोय."

"मग एवढं रागावून कशाला सांगतोय? आणि ही सीट बघ, ओली कशी झाली?"

निरमायाने बघितलं नाही.

पुढचं स्टेशन त्यांचं. निरमायाने बटण दाबलं आणि उतरली. मागे पावलं ऐकू आली नाहीत.

वळून पाहिलं. बिपना सीटवरून अर्धवट उठली होती. तिच्या जाकिटाची बाही कोपरापाशी ताणली गेली होती. खाली... बाजूच्या सीटकडे.

"निरू, माझी बाही अडकलीय. ए निरू, हात दे!"

दार मिटलं.

बाहेरचं बटण निरमायाच्या समोर होतं. हिरवा दिवा लागलेला. एक बोट लावायचं होतं.

तिने लावलं नाही.

काचेमागे बिपनाचं तोंड हलत होतं. ती शिव्या देत होती की हाका मारत होती, ते कळलं नाही. गाडी गेली.

तासाभराने निरमायाने खोलीचं दार उघडलं. बेल वाजली नव्हती. का उघडलं, हे तिला आजही सांगता येत नाही.

बाहेर बिपना उभी होती.

शिवी नाही. रडणं नाही. काय झालं, याबद्दल एक शब्द नाही.

"मला इथे आवडलं," ती म्हणाली. "मी राहते."

मुलाखतीत तिच्याकडून दोन वाक्यं नीट आली असती तरी पुरे होतं. ती वीस मिनिटं बोलली. आश्रमाच्या बाईंनी हसून विचारलं, "इथल्या जुन्या बायकांसारखं बोलायला कुठे शिकलात?" कामावर घ्यायचं तिथेच ठरलं. कागदपत्रं परत न जाता तिथूनच झाली.

आता दोघी एकाच खोलीत राहतात. निरमायाला जे हवं होतं ते मिळालं.

बिपना कामात चांगली आहे. फक्त घरून आणलेला तिखट अचार तिने उघडलेला नाही. म्हशींचा विषय काढला की ऐकून घेते. हसत नाही. आश्रमात ती खोलीत शिरली, की कायम आरडाओरडा करणाऱ्या चौऱ्याण्णव वर्षांच्या किकु आजी गप्प होतात... आणि पांघरूण डोक्यावर घेतात.

निरमाया आता बसने कामाला जाते. दीड तास लागतो. गाडीने पंचवीस मिनिटं लागायची.

गेल्या रविवारी लमजुंगहून बिपनाच्या आईचा फोन आला.

"निरमाया, ती माझा फोन घेत नाही गं. रागावलीय का?"

"नाही आमा. काम खूप असतं."

"रोज स्वप्नात येते. बर्फात उभी असते. म्हणते, आमा, गाडी थांबते, माणसं माझ्याकडे बघतात, पण दार कोणी उघडत नाही." आईने विचारलं, "तुझ्याजवळ आहे ना ती? एकदा दे तिला फोन. आवाज ऐकला की जीव भांड्यात पडेल."

समोर बिपना बसली होती. हात मांडीवर. ती फोनकडे बघत होती... आणि फोन घ्यायला तिने हळूच हात पुढे केला.

निरमायाने फोन छातीशी घट्ट धरला.

"आमा," ती म्हणाली, "ती ड्युटीवर गेलीय."