ताई सांगते, मी खोडतो

मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. दुसऱ्यांच्या चुका काढायची सवय माझ्यासोबत घरी येते, त्यामुळे माझी एक कविता पुरी व्हायला वर्ष लागतं. माझी ताई शिवणकाम करते. तिची कविता सुईत दोरा ओवता ओवता पुरी होते आणि मशीन सुरू झालं की ती विसरूनही जाते. म्हणून रविवारी दुपारी मी वही घेऊन तिच्या दुकानात बसतो.

"आलं तसं लिहावं. खाडाखोड कसली करायची?" ताई म्हणते.

"एकदाही न उसवता अंगावर नीट बसणारा झगा शिवलायस कधी?" मी म्हणतो.

दोघंही हट्टी.

एका रविवारी तिनं आठ ओळी सांगितल्या, आईच्या हातांवरच्या. तिसऱ्या ओळीला माझं पेन थांबलं. ती माझीच कविता होती. अकरा महिने, बेचाळीस खर्डे, सगळे घरी कुलूपबंद खणात. तिसऱ्या ओळीतल्या एका शब्दापाशी घोडं अडलं होतं. 'मऊ', 'उबदार', 'थकलेले' सगळं खोडून झालं होतं. ताई सहज म्हणाली, "कोमट."

"माझा खण उघडलास?"

"चार महिन्यांत तुझ्या घरी आले तरी का मी?"

खरं होतं. राग यायला हवा होता, पण तो शब्द इतका चपखल बसला की मी हसतच सुटलो.

पुढच्या रविवारी तिनं रिकाम्या झोक्यावरची कविता सांगितली. असली कविता माझ्या स्वप्नातही नव्हती. 'जिंकलीस' म्हणून घरी आलो, वही ठेवायला खण उघडला. आत तीस कागदांचा गठ्ठा होता. अक्षर माझं, समासातल्या खुणा माझ्या. पहिल्या कागदावर एक ओबडधोबड ओळ, शेवटच्यावर ताईची दुपारची कविता, जशीच्या तशी. पहिल्या कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या.

गठ्ठा घेऊन मी तसाच दुकानात परतलो. ताईनं एकेक कागद उजेडात धरून पाहिला. मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "म्हणजे घाम तुझा आणि गंमत माझी!"

ते वर्ष आम्ही लहानपणासारखं घालवलं. तिनं सांगायचं, मी घरी धावायचं, आणि माझे न लिहिलेले खर्डे वाचून फोनवर दोघांनी खिदळायचं. वाद मिटला होता. हरलं कुणीच नव्हतं.

गेल्या रविवारी मात्र गठ्ठा सकाळीच खणात होता. ताईनं सांगण्याआधी.

शिवणाचं दुकान, दुपारचं ऊन, आणि हसणारे भाऊ-बहीण. 'आम्ही दोघं हसतो आहोत,' अशी सुरुवात. कविता इतकी गोड होती की शेवटचा खर्डा खिशात घालून मी शीळ घालत निघालो.

ताईनं ओठांतली टाचणी काढली. "लिही पटकन. 'आम्ही तिघं हसतो आहोत…'"

"दोघं," मी म्हणालो.

"तिघं. तिघंच आलं."

मी खिशातला कागद उलगडला.

'दोघं'वर एक सरळ रेघ होती. वर लिहिलं होतं, 'तिघं'.

अक्षर माझं नव्हतं. ताईचंही नव्हतं.

माझ्या अंगठ्याला शाई लागली. ती अजून ओली होती.