घरच्या रक्ताचा हात

पुतणीने थुंकीच्या तपासणीचा निकाल उघडून मोबाईल टेबलावर ठेवला आणि सगळं घर त्या उजळलेल्या चौकोनाकडे पाहत राहिलं... फक्त ताई तेवढी समोरचा पाव कापत होती, सुरी सरळ धरून, सावकाश, जणू आज त्या घरात काही ठरायचंच नव्हतं.

"आत्याचं आणि माझं रक्ताचं नातं निघत नाही," पुतणी म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता.

"म्हणजे खरंच होतं तर," वहिनी बोलून गेली, आणि लगेच आपल्या चहाच्या कपात पाहू लागली.

खरं काय, ते गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. बेकरीवाल्यांच्या दोन पोरांतलं एक बाहेरून आणलेलं! कोणतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. पण लोकांना डोळे असतात. भाऊ बापासारखा उंच, उजळ. ताई ठेंगणी, सावळी, बसक्या नाकाची. जगाने बोट तिच्याकडे वळवलं आणि ते पुन्हा कधी हललं नाही.

त्या बेकरीत आजोबांपासूनचा एक नेम होता. रोजच्या कणकेत घालायचं आंबवण, आदल्या कणकेतून राखलेलं, जिवंत ठेवलेलं. त्याला हात लागायचा तो फक्त घरच्या रक्ताचा. परका हात लागला की आंबवण मरतं, आणि आंबवण मेलं की घर बसतं, अशी श्रद्धा. भाऊ हाताशी आला तसा तो मान त्याच्याकडे गेला. ताईने ट्रे घासले, भट्टीची राख काढली, दुकानात उभी राहून गिऱ्हाईक केलं. एकदा तिला छापखान्यातला एक माणूस पाहायला आला होता. "मुलगी गुणी आहे, पण रक्ताची खात्री नाही म्हणे," एवढंच त्याची आई जाताना म्हणाली. तो माणूस त्यानंतरही येत राहिला... पाव न्यायला.

तेव्हा तिला रडू आलं होतं. पुढे पुढे आलं नाही. भट्टीजवळ राबणाऱ्याच्या बोटांची कातडी जाड होते, तापलेला ट्रे धरला तरी कळत नाही. माणसाच्या अंतःकरणावरही तशी कातडी धरत असावी.

भाऊ उठला, तिच्यामागे येऊन उभा राहिला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, रक्ताची नसलीस म्हणून काय झालं? मी आहे तोवर तुला या घरातून कोणी काढणार नाही."

"बरं," ताई म्हणाली. "पाव घे. गार होतोय."

किती मोठ्या मनाने बोलला तो! पण देवाच्या दारी असंही घडतं, की दान देणाऱ्याला ठाऊकच नसतं, समोर पसरलेली झोळी आपलीच आहे...

पुतणी बेकरीच्या भिंतीवर लावायला घराण्याची वंशावळ काढत होती. त्यापायी तर ही तपासणी. तिने एकदा उकरायला घेतलं की तळ लागेपर्यंत थांबायची नाही. वहिनी तिला लाडाने घूस म्हणायची. दूरच्या गावी तिच्या आजोबांचे, म्हणजे ताईच्या वडिलांचे, एक चुलतभाऊ होते, घड्याळं दुरुस्त करणारे. तिने त्यांचीही थुंकी नळीत घेऊन तपासायला पाठवली. उत्तर आलं तेव्हा ती ट्रे धुण्याच्या मोरीशी येऊन उभी राहिली.

"आत्या, घड्याळवाले आजोबा तुझे रक्ताचे लागतात."

ताई घासत राहिली.

"माझे लागत नाहीत. म्हणजे बाबांचेही नाहीत."

"तो ट्रे दे इकडे. कोपऱ्यात साखर जळलीय."

"तुला माहीत होतं, आत्या."

ताईने नळ बंद केला. माहीत नसायला काय झालं? आईचं बाळ मेलेलं जन्मलं आणि थोड्याच दिवसांत वडिलांनी दुसरं घरी आणलं, तेव्हा ती चांगली कळती होती. पुढे कुजबुज उठली, बोट तिच्यावर रोखलं गेलं, आणि आईने तिला जवळ ओढून म्हटलं, "कोणाला सांगायचं नाही. तू सोसशील गं. तो नाही सोसायचा." त्या माउलीने एका लेकराला झाकायला दुसरं उघडं ठेवलं... आणि ज्यांनी शब्द घेतला ते आई-वडील दोघेही देवाघरी गेले, पाळणारी तेवढी मागे राहिली.

"त्याला सांगू नकोस," ती म्हणाली. "कळलं तर तो आंबवणाला हात लावायचा नाही. नेमाचा पक्का आहे. आणि दुसरं येतं काय त्याला? साधा स्क्रू पिळता येत नाही."

"आणि तुझं काय?"

"माझं काय व्हायचंय? मी ट्रे घासतेय."

पुतणी गप्प बसली, वंशावळ भिंतीवर चढायच्या दिवसापर्यंत. भाऊ पिठाच्या हातांनीच तिच्या मागे उभा होता.

"ताईच्या नावाखाली 'मानलेली' लिही. वळणदार अक्षरात. तिला वगळलं असं कोणी म्हणायला नको." तो वळला. "काय गं ताई, हरकत नाही ना?"

"नाही."

पुतणीच्या हातातला ब्रश मात्र हलेना.

"लिही की. चित्रकलेला एवढी फी भरून हेच शिकलीस?"

"बाबा, ते तिच्या नावाखाली येत नाही."

भावाने मुलीकडे पाहिलं, मग ताईकडे. ती काउंटर पुसत होती. पुसलेलीच जागा पुन्हा, पुन्हा... त्यावरून त्याला कळलं. चेहऱ्यावरून कळलं नसतं, तिथे काहीच नव्हतं.

"ताई... मी?"

ती खोटं बोलली नाही. फडकं तेवढं थांबलं.

तो पिठाच्या पोत्यावर बसला. "एकदा तरी तोंडावर फेकायचं होतंस. त्या दिवशी मी तुला म्हणालो, तुला कोणी काढणार नाही..."

"म्हणालास खरा."

"आणि तू म्हणालीस, पाव घे."

"गार होत होता रे."

त्याने आपले दोन्ही हात असे दूर धरले, जणू ते दुसऱ्याचे होते. "उद्यापासून आंबवण तू घालायचंस. नेम आहे."

"मला येत नाही," ताई म्हणाली. "कधी जवळ उभं केलंस मला? घरच्या रक्ताचा हात हा एवढाच, आणि त्याला काही ठाऊक नाही. तूच घाल. इतकी वर्षं तुझ्या हाताने मेलं का ते?"

तेव्हा तो रडला. पुतणी त्याच्या पाठीवर हात फिरवू लागली, वहिनी दारात येऊन तशीच थबकली. हा क्षण आलाच तर आपला ऊर फुटेल, असं ताईला कधीकाळी वाटायचं. ती वाट पाहत उभी राहिली. काही झालं नाही. फडकं ओलं होतं, हाताला गार लागत होतं, तेवढं कळत होतं. सोसणाऱ्याचं दुःख देव कधी कधी आधीच उचलून नेतो, आणि सुख पोचतं तेव्हा घ्यायला घरात कोणी नसतं.

भावाने तोंड वर केलं. "मग मी कोणाचा गं?"

ताईने फडकं पिळलं, दांडीवर टाकलं आणि ती त्याच्या शेजारी पोत्यावर येऊन बसली.

"माझा," ती म्हणाली. "आईच्या कुशीत ठेवायच्या आधी मीच घेतलं होतं तुला. चांगला जड होतास."