वेळूकुंडातली आई

जतच्या माळावर सौरपॅनेलांच्या कामाला आलेल्या कुटुंबांतली पोरं पहिल्या भेटीत एकमेकांना एकच विचारायची, "तुझं गाव कुठलं?" आणि उत्तरात जी गावं यायची, त्यांतलं एकही पृथ्वीवर नव्हतं.

वसाहत दर हंगामाला सरकायची. एका माळावर पॅनेल बसवून झाली की घरांचे लोखंडी डबे ट्रकवर चढत आणि पुढच्या माळावर उतरत. सगळे राखाडी, सगळे सारखे. मोठ्यांचं त्यात फारसं बिघडलं नाही, पण लहान मुलं विसरायला लागली. काल कोण भेटलं, आजी कशी दिसते, काही टिकेना. कारण पुढे सापडलं. आपल्या मेंदूत स्थानपेशी असतात. अंगणात उभं राहिलं की एक पेशी पेटते, जिन्यावर दुसरी. खुंटीला कपडे अडकवावेत तशा आठवणी या पेशींना अडकतात. भिंतच सतत बदलत राहिली तर कपडे जमिनीवर पडणार.

उपाय मिळाला तो चित्रकारांकडे. नसलेल्या गावांचे नकाशे काढणारे काही कलावंत होते. प्रदर्शनात लोक त्या नकाशांसमोर उभे राहून बोटानं गल्ल्या फिरायचे आणि परतताना म्हणायचे, इथं मी कधीतरी राहिलोय. बालस्थान केंद्रानं याच नकाशांतून 'मनगावं' केली. झोपेत मेंदू दिवसभराच्या वाटांची उजळणी करतो. मूल दुपारी झोपलं की डोक्याला एक मऊ टोपी घालायची आणि त्या उजळणीत नकाशातल्या वाटा मिसळायच्या. हळूहळू मूल त्या गावचं होऊन जातं. डबा कुठंही जावो, गाव डोक्यात राहतं.

शलाका गोंधळेकर ही मनगावं काढायची. स्वतःच्या मुलीसाठी, जुईसाठी, तिनं वेळूकुंड काढलं होतं. बांबूची बेटं, हिरव्या पाण्याचं कुंड, उतरती गल्ली आणि गल्लीच्या टोकाला घर.

मनगावं काढणाऱ्यांत एक रीत होती. गावातलं एक घर मोकळं सोडायचं. दार, खिडकी, चूल सगळं काढायचं, माणूस मात्र काढायचा नाही. बघणारा आपली माणसं आपण आणतो. शलाका हे नवशिक्यांना शिकवायची. जुईच्या नकाशात मात्र तिचा हात थांबेना. एवढीशी पोर एवढी गल्ली उतरून जाणार आणि घरात कुणीच नाही? तिनं चुलीपाशी एक बाई काढली. हिरवा गाऊन, केसांना चाप, हातात थालीपिठाचा गोळा. दार वाजलं की मागं वळून हसणारी. स्वतःचाच चेहरा, स्वतःचाच रोजचा गाऊन काढला, म्हणजे पोर गोंधळणार नाही असं तिला वाटलं.

एका सकाळी जुई पॅनेलच्या कठड्यावरून पडली. गुडघा फुटला. शलाका धावली, तिला उचलून घेतलं.

"आई!" जुई किंचाळली. "आई पाहिजे!"

"अगं, मीच आहे ना."

जुईनं रडं थांबवून तिच्याकडे नीट बघितलं. मग तिच्या खांद्याला हात लावून तिला दूर ढकललं, अनोळखी बाईला ढकलावं तसं. "तुम्ही नाही. माझी आई."

शलाकानं गुडघा धुतला, पट्टी लावली. मग भाकरीचं पीठ मळायला घेतलं. तिला रडू आलं नाही. पीठ सैल झालं, एवढंच तिच्या लक्षात आलं.

केंद्रातल्या डॉ. रुबिना मुजावर मिरजेच्या. त्यांनी पडद्यावर जुईचा मेंदू उघडला आणि गल्लीच्या टोकाच्या घरावर बोट ठेवलं.

"मोकळं घर सोडलं नाहीत तुम्ही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"का हो?"

"ती एकटी पडली असती."

शलाकाचा नवरा शिरीष शेजारी बसला होता. "निदान गाऊन तरी दुसरा काढायचास," तो म्हणाला. कुणी हसलं नाही. तोही नाही.

"हे बघा," डॉक्टर म्हणाल्या, "मुलांच्या डोक्यात माणूस सुटा नसतो. तो जागेला बांधलेला असतो. जुईची 'आई' त्या चुलीपाशी आहे. तिथं ती रोज भेटते, कधी दमत नाही, कधी ओरडत नाही. तुम्ही इथं, डब्यात. तुम्हाला अडकवायला खुंटीच नाही."

"पुसता येईल?"

"येईल. पण घर आणि बाई त्याच पेशींत आहेत. घर गेलं की गल्ली जाईल, गल्लीबरोबर गाव. बोलणं, नावं, भीती कशाची वाटते, गोड काय लागतं, सगळं त्याच गावाला अडकलंय. ती पुन्हा तान्ह्यासारखी होईल. कदाचित सावरेल."

"कदाचित म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही, ताई."

बाहेर जुई एका मुलाला सांगत होती, आमच्या कुंडात कासव आहे, आई त्याला शिळा भात घालते. शलाकानं ते कासव काढलेलं नव्हतं. शिळा भातही नाही. नकाशातली ती बाई आपलं आपलं काहीतरी करू लागली होती.

"पुसायला नको," शलाकानं विचारलं, "पण जोडता येतं ना?"

"जोडता येतं. शेजारी एखादं घर. का?"

घरी येऊन शलाकानं कागद लावला. गल्लीत, त्या घराला लागून, आणखी एक घर काढलं. लहानसं. दारात स्वतःला काढलं. हिरवा गाऊन काढला नाही. पिवळी साडी काढली, तिच्याजवळ नव्हती ती, मग बाजारातून आणली. शिरीष पाठीमागून बघत होता.

"हे काय करतेयस शलाका? तू तिची आई आहेस."

"आई आहे तिला," शलाका म्हणाली. "निदान शेजार तरी मिळू दे मला."

दुपारच्या झोपांतून ते नवं घर हळूहळू जुईच्या डोक्यात उतरलं. मग एके दिवशी ती शलाकाच्या ताटातला घास मागू लागली. पाठीवर हात फिरवू देऊ लागली. तिला "मावशी" म्हणू लागली. केंद्रात डॉक्टरांनी पडदा बघून मान डोलावली. खुंटी लागली होती. शिरीषनं पेढे आणले. शलाकानं एक खाल्ला. बरा होता.

पुढच्या हंगामात डबे पुन्हा हलले. नव्या माळावर वारा फार होता. संध्याकाळी दोघी कुंपणापर्यंत फिरून आल्या. जुई दमली होती.

"मावशी, मला घरी सोड ना. आई वाट बघत असेल."

"चल," शलाका म्हणाली.

तिनं जुईचा हात धरला. राखाडी डब्यांमधून त्या आपल्या डब्याशी आल्या. जुईनं हात सोडला आणि आत पळाली. शलाकानं उघड्या दारातून आत डोकावून आवाज दिला, "अहो जुईच्या आई, पोरगी आली हं तुमची."

मग ती स्वतःच्याच घराच्या पायरीखाली थांबून राहिली, आतून कुणीतरी "या ना, बसा" म्हणेपर्यंत.