एक नंबरवरची बाई

नेरच्या इंदूबाई सकाळी खाटेवर मेलेल्या सापडल्या, तेव्हा त्यांच्या मुठीत कॉर्डलेस फोन होता. दम्याचा झटका आला होता. उशाशी औषधाचा पंप रिकामा पडला होता.

फौजदार ममता खोब्रागडे पोचेपर्यंत मुलगा शाम निकाल लावून मोकळा झाला होता. गावातच त्याचं खताचं दुकान, बायकोसोबतचं नवं घरही गावातच. आई मात्र जुन्या घरी एकटी.

"लीलाबाईले धरा मॅडम. आईचं करायले ठेवली होती. तिनंच मरू देल्लं."

लीलाबाई पायरीवर रडत होती. "मी सांजीलेच घरी गेलती मॅडम. पोरांची शपथ."

शेजारच्या रुक्माबाईंनी मात्र पहाटे भिंतीपलीकडून ऐकलं होतं. "इंदू कोण्या बाईसंग बोलत होती. 'बाई, माह्या शामले बलाव ना वं, मले दम लागला,' अशी काकुळतीनं म्हणे."

"मग तुम्ही काहून नाही गेलात?"

"म्हटलं, बाई हाये ना संग. लीलाबाईच असन."

"दार कसं होतं?"

"आतून कडी. सकाळी शामनंच तोडलं."

दुसरं दार नव्हतं. मग बाई गेली कुठून? ममताला चीड आली. घरात कुणी मेलं की आधी कामवालीच कशी दिसते लोकांना?

तिनं फोन उचलला. इंदूबाईंना अक्षरओळख नव्हती, म्हणून दोनच नंबर साठवलेले. एकच्या बटणावर कुंकवाचा ठिपका, तो शामचा. दोनवर हळदीचा, तो गॅसवाल्याचा. बटण दाबून धरलं की फोन लागायचा.

तिनं हळद दाबली. शून्यापासून सुरू होणारा नंबर उमटला आणि गॅसवाल्यानं मोबाइल उचलला. मग आधी लावलेले नंबर पाहिले. पहाटेचे सगळे शामचे, नऊपासून सुरू होणारे.

"आई तुम्हालाच फोन लावत होती."

शामनं मोबाइल पुढे केला. "पाहा ना. एक कॉल नाही." खरंच नव्हता.

"या फोनला शेवटचा हात कुणाचा?"

"माहाच. परवा बॅटरी बदलली. नंबर उडाले होते, दोन्ही पुन्हा भरले."

ममतानं सगळ्यांना आत बोलावलं, स्पीकर लावला आणि कुंकू दाबलं.

एक गोड, सावकाश आवाज आला. कृपया मोबाइल क्रमांकाआधी शून्य लावा. मग पुन्हा तेच.



"ही ती बाई," ममता म्हणाली. "ती यंत्रातली आहे. या लँडलाइनवरून मोबाइल लावायचा तर आधी शून्य लागतं. शामराव, नंबर दोन्ही तुम्हीच भरले. गॅसवाल्याला शून्य लावलं, स्वतःलाच काहून नाही लावलं?"

"भुललो."

"दोन्ही एकाच वेळी भरता भरता?" तिनं नजर हटवली नाही.

"दिवसभर फोन करे हो," शाम अखेर म्हणाला. "जेवला काय, झोपला काय. गिऱ्हाइकासमोर लाज वाटे. मले फक्त दोन दिवस शांती पायजे होती. आई मरन, असं कुठं वाटलं होतं?"

याला कलम कोणतं लावायचं, ते ममताला सुचेना. तिनं लीलाबाईला घरी जायला सांगितलं.

लीलाबाई उठली, पण दारातच थांबली.

"परवापासून आजी लय खुशीत होत्या मॅडम. म्हणत, शामचा फोन आता सून उचलते. काय लावा म्हणते ते समजत नाही, पण रागावत नाही बिचारी."