काकूंच्या पुढच्या दाताचा खटला

"मी घाणेरडी नाही!" गुप्तहेर वहिनींचं दार ढकलून आत आलेल्या काकू बसायच्या आधीच कडाडल्या.

काकू वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायच्या. पुढच्या दोन दातांच्या जागी इम्प्लांट होते, म्हणजे हाडात रोवलेला खुंट आणि त्यावर नकली दात. त्यातल्या एकाभोवतीची हिरडी सुजून पू येत होता. दातांच्या तरुण डॉक्टरांचा निकाल तयार होता: काकू नीट घासत नाहीत, वर फुंकणं चालूच. उद्या इम्प्लांट उपटायचा!

"तो गेला की माझं वाजवणं संपलं. मी काढू देणार नाही!"

वहिनींनी काकूंच्या तोंडात टॉर्च लावला. सोबत त्यांचे दीर होते. उत्साह दांडगा, डोकं जरा सावकाश.

"काय दिसतं, भाऊजी?"

"एक सुजलाय, शेजारचा ठणठणीत. पण ठणठणीत दाताला मागून बुजवलेलं भोक आहे. किडला असणार."

"नकली दात किडतो होय?"

मग वहिनींनी काकूंच्या सूनबाईंना विचारलं. "घासत नाहीत? अहो, सासूबाई बेसिनवर उभ्या राहिल्या की आम्ही बाहेर ताटकळतो!"

काकूंना घेऊन दोघं दवाखान्यात गेले, तर डॉक्टर ऐटीत होते. "एक्स-रे स्वच्छ आहे. हाड जरासं झिजलंय, तेवढंच. हा दात मी सिमेंटने चिकटवला. जोड हिरडीखाली इतका खोल नेलाय, की कुणाच्या बापाला दिसायचा नाही. जास्तीचं सिमेंटही मीच पुसलं."

"सापडलात," वहिनी म्हणाल्या. "दोष घासण्याचा किंवा फुंकण्याचा असता, तर दोन्ही दात सुजले असते. तोंड एक, ब्रश एक, क्लॅरिनेट एक. फरक इतकाच, की शेजारचा दात मागच्या भोकातून स्क्रूने आवळलाय आणि हा चिकटवलाय. जो जोड कुणालाच दिसत नाही, तिथलं सिमेंट तुम्ही पुसलंत कसं?"

"पण एक्स-रेत..."

"सगळी सिमेंटं एक्स-रेत दिसतात?"

डॉक्टरांचा चेहरा पडला. "नाही."

"म्हणजे आत सिमेंट राहिलंय?" भाऊजींची ट्यूब पेटली.

"आणि त्यावर जंतूंनी बिऱ्हाड थाटलंय."

डॉक्टर खाली बघत म्हणाले, "हिरडी उघडून साफ करतो. हाड फारसं झिजलेलं नाही, इम्प्लांट बहुतेक वाचेल. माफ करा, काकू. तुमचं वय बघून मला वाटलं..."

"माझ्या वयावर खापर फोडलंस! रक्त येईस्तोवर घासत होते रे मी, रडत रडत."

काकू तरातरा जाऊन खुर्चीत बसल्या. ट्रेमधला हातआरसा उचलून त्यांनी तोंडासमोर धरला.

"कर सुरू. या वेळी मी बघणार."